सीलबंद खोकं

गाडीच्या डाव्या आरशासाठी माझा नवरा दोन गावं पालथी घालून आला होता, आणि मुलीच्या सर्दीचं औषध कोपऱ्यावरून आणायला सांगितलं तर म्हणाला, "आत्ता? दुकान उघडं असेल का?" ही तक्रार नाही. तक्रार करायला समोरचा ऐकतोय असं निदान वाटावं लागतं. गाडी कशी होती आणि नवरा कसा होता, ते एका दमात सांगून टाकलं म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल, इतकंच.

गाडी छोटी. दोन दारांची, फिक्या हिरव्या रंगाची, साबणाची वडी वापरून वापरून गोल होते तशी गोल. ती बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं, आणि मग कंपनीच बंद झाली, यातून ज्याने त्याने काय तो बोध घ्यावा. माझ्या सासऱ्यांकडे अशीच गाडी होती. नवऱ्याचं बालपण तिच्या मागच्या सीटवर गेलं म्हणून त्याने ही शोधून विकत घेतली आणि कौतुकाने बाबांना दाखवायला नेली. सासरे पायरीवरूनच म्हणाले, "ही परत आली?"

"बाबा, ही आपली नाही. तशीच दुसरी आहे."

"म्हणजे अशा दोन होत्या," असं म्हणून ते आत गेले आणि टीव्ही लावला. जेवताना माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, मी ती चालवली कमी आणि ढकलली जास्त. हा मागे बसून हसायचा. याला वाटायचं, खेळ चाललाय."

याला अजून तसंच वाटत होतं, फरक इतकाच की आता खेळायला सवंगडी मिळाले होते. छोट्या जुन्या गाड्यांचं एक मंडळ होतं. रविवारी सकाळी ही सगळी माणसं कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमत आणि कुणाला कुठली कडी कुठे मिळाली यावर चहाचे कपावर कप रिचवत. सगळे शिकलेले, नोकरीधंद्याला लागलेले, चष्म्याचे. एक जण फक्त हॉर्नविषयी बोलायचा. एकाला दाराच्या काचेचं हँडल सोडून जगात काही दिसत नसे. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि रोग्याच्या तोंडात हात घालून बोलायची सवय असल्यामुळे, समोरचा मध्येच काही बोलेल ही शक्यता त्यांच्या मनातही येत नसे.

मंडळाचा एक नेम होता. वस्तू ओरिजिनल हवी, आणि ओरिजिनल म्हणजे सीलबंद. कंपनीचं पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर कंपनीची कागदी पट्टी, आणि ती पट्टी अखंड. आत काय आहे हा त्यामानाने किरकोळ मुद्दा. ही खोकी एका घरातून दुसऱ्या घरात जात, काचेच्या कपाटात नावाची बाजू पुढे करून बसत, आणि उघडत मात्र नसत. उघडलं की किंमत गेली. ज्याला खरोखरच गाडीत तो पार्ट घालायचा असेल, त्या बिचाऱ्याने सगळ्यांना घरी बोलवायचं आणि अध्यक्षांच्या हस्ते खोकं उघडायचं. आमच्याकडेही असं कपाट होतं. भिंगरीची औषधं आधी त्यात असायची. भिंगरी म्हणजे आमची मुलगी. नुकतीच चालायला लागली होती, पण चालणं कमी आणि गिरक्या जास्त. औषधं फ्रिजच्या डोक्यावर गेली.

हे सगळं मी सहन केलं असतं. लोकांचे नवरे याहून वाईट गोष्टी करतात असं माझी आई म्हणते, जणू ती यादी घेऊनच बसली आहे. पण एका सकाळी भिंगरी पार्किंगमध्ये गाडीपाशी बसली आणि फरशीवरच्या ओल्या डागात बोट घालून ते तोंडाकडे न्यायला लागली. मी तिचं बोट पकडलं, हुंगलं, पुसलं, धुतलं, आणि गाडीखाली वाकून पाहिलं. पुढच्या डाव्या चाकाच्या आतून थेंब ओघळत होता.

"ब्रेक ऑइल आहे," नवरा म्हणाला. "थोडं पाझरतं."

छत गळायचं तेव्हाही तो 'थोडं पाझरतं' असंच म्हणाला होता, आणि मग प्लास्टर पाळण्यापासून हातभर अंतरावर पडलं होतं. म्हणून मी नीट विचारलं. गाडीविषयी मी काही विचारते आहे या आनंदात त्याने नीट सांगितलं. चाकाच्या आत एक छोटा सिलिंडर असतो. त्यात रबराची वाटी असते, बोटाच्या पेरावर टोपीसारखी बसेल एवढी. पाय दाबला की ऑइल त्या वाटीला ढकलतं आणि ब्रेक लागतो. वाटी म्हातारी झाली की कडेने ऑइल निसटतं.

"आणि सगळ्या चाकांचं ऑइल वेगवेगळं असतं?"

"नाही ना, जुन्या गाडीत एकच नळी. तीच तर मजा आहे."

"म्हणजे एक वाटी गेली तर सगळ्याच चाकांचा ब्रेक गेला."

"हँडब्रेक असतो की."

"तो गाडी उभी असताना लावतात."

"मग उभी राहीलच ना कधीतरी," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. मी हसले नाही, कारण मंडळाचा वर्षातला मेळावा जवळ आला होता. मंडळाच्या सगळ्या गाड्या रांगेने तलावाच्या टेकडीवर चढायच्या, वर भाषणं, फोटो, बक्षिसं, आणि मग तशाच रांगेने वळणावळणाचा उतार उतरायचा. या वर्षी सगळ्यात पुढे आमची गाडी, आणि पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर भिंगरी. अध्यक्षांनी तसं जाहीरच केलं होतं: "आपली सगळ्यात छोटी प्रवासी." नवऱ्याने ते पेढे वाटल्यासारखं सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं.

"वाट्या बदलल्याशिवाय मुलगी त्या गाडीत बसणार नाही," मी म्हटलं.

"बदलणारच आहे. ओरिजिनल मिळू दे."

"नव्या मिळत नाहीत?"

"मिळतात. डुप्लिकेट." हा शब्द तो ज्या तोंडाने उच्चारायचा, त्या तोंडाने माझी आजी नाली तुंबल्याचं सांगायची.

ओरिजिनल ज्याच्याकडे मिळतं त्या माणसालाही मी मनात 'ओरिजिनल' हेच नाव ठेवलं होतं. त्याच्याकडे मी मुद्दाम सोबत गेले, भिंगरीला कडेवर घेऊन. शहराबाहेर पत्र्याचं एक गोदाम. आत छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांवर खोकीच खोकी. तो मध्ये गादी टाकलेल्या खुर्चीत बसला होता आणि विकायला नाही तर मुलाखत घ्यायला बसल्यासारखा बोलत होता.

"रंग कंपनीचाच आहे ना गाडीचा?"

"हो, म्हणजे त्याच छटेचा," नवरा म्हणाला.

"त्याच छटेचा." ओरिजिनलने डोळे मिटून घेतले. "आणि सीटांचं कापड?"

माझा नवरा कॉलेजात कुणाच्या बापाला भीत नव्हता. माझ्या बापाला तर नाहीच. तो इथे हात पुढे बांधून उभा होता. मी एका मांडणीला टेकले तर ओरिजिनल म्हणाला, "वहिनी, हात नका लावू. हाताला घाम असतो."

घाम होताच. वरचा पत्रा तापला होता, भिंगरीचे गाल लाल झाले होते. मी विचारलं, "ही खोकी किती वर्षांपासून इथे आहेत?"

"वर्षं मोजत नाही आपण. माल आहे."

"उन्हाळ्यात पण इथेच?"

"नाही, उन्हाळ्यात मामाच्या गावाला जातात," तो म्हणाला, आणि दोघं पुरुष हसले. नवरा जरा जास्तच. मग ओरिजिनल स्टुलावर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून, पत्र्याला अगदी चिकटून असलेलं एक छोटं खोकं काढून नवऱ्याच्या ओंजळीत ठेवलं. भिंगरीला दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणताना त्याने तिला असंच धरलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की हा हात फक्त तिच्यासाठी आहे.

रविवारी मंडळ आमच्याकडे आलं. अध्यक्षांनी खिशातून दातांची बारीक सळई काढली, पट्टीचं एक टोक उचललं आणि ती न फाडता सोडवली. कुणीतरी हलकेच टाळ्या वाजवल्या. आत पिवळा पडलेला पातळ कागद आणि त्यात चार काळ्या वाट्या.

"वास घ्या," अध्यक्ष म्हणाले. खोकं नाकानाकांवरून फिरलं.

"हा वास आता मिळत नाही," हॉर्नवाला म्हणाला. बंद माळ्याचा वास होता. आमच्या घरात भरपूर मिळतो.

मी स्वयंपाकघरातून येऊन उभी होते. रोज सकाळी भिंगरीच्या दुधाच्या बाटलीची, ती चोखते ती रबरी बुचं उकळली की प्रत्येक बूच मी दोन बोटांत उलटं वाकवते आणि उजेडासमोर धरते. रबर म्हातारं झालं तरी नुसतं बघून कळत नाही, चेहऱ्यावर तकाकी तीच असते. वाकवलं की कडेला केसासारख्या चिरा उघडतात. तसं बूच मी लगेच फेकते, कारण सुटलेला तुकडा जाईल तो मुलीच्या घशात. यात हुशारीचा काही भाग नाही, भीतीचा आहे.

"मी बघू?" मी म्हटलं.

अध्यक्षांनी पाहुण्यांच्या मुलाला खेळणं द्यावं तशी एक वाटी माझ्या हातावर ठेवली. मी ती दोन बोटांत धरली आणि बुचासारखी वाकवली. केसासारखी चीर नव्हतीच. तोंड उघडावं तशी कड उघडली, आणि एक तुकडा टक्कन अध्यक्षांच्या बशीत पडला.

अध्यक्षांनी बशी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"वहिनी, काय केलंत हे?"

"वाकवली."

"पण वाकवायची कशाला?"

"गाडीत वाकत नाही का ती?"

"गाडीत ती योग्य रीतीने वाकते," अध्यक्ष म्हणाले. हँडलवाला म्हणाला की ओरिजिनल वस्तूला आधी विश्वासात घ्यावं लागतं, ऑइलमध्ये भिजवून वगैरे. हॉर्नवाला म्हणाला की बायकांच्या नखांनी होतं असं. मी माझी नखं बघितली. मूल लहान असताना नखं ठेवता येतात कुठे.

"असो," अध्यक्ष म्हणाले, "उरलेल्या तीन उत्तम आहेत."

"कशावरून?"

"दिसतंय की. अखंड आहेत."

"ही पण अखंड होती."

"तुम्ही वाकवेपर्यंत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकले आहे, पण असं काही तिथे शिकवलं नव्हतं. मग अध्यक्ष उठले, घसा साफ केला आणि म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या संग्रहात अगदी असंच एक खोकं आहे, ते उघडून त्यातली एक वाटी ते आमच्या भिंगरीसाठी देतील. माझ्या नवऱ्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. भिंगरी जिन्यात पडली होती तेव्हा तो म्हणाला होता, "रडतेय म्हणजे ठीक आहे."

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "उरलेल्यातली एक तू स्वतः वाकवून बघ."

"म्हणजे तीनच्या दोन होतील."

"म्हणजे तुलाही माहीत आहे."

"मला इतकंच माहीत आहे की तू सगळ्यांसमोर माझा पचका केलास."

"मी आणि भिंगरी त्या गाडीत बसणार नाही."

त्याने खोक्याची पट्टी बोटाने सरळ केली. मग म्हणाला, "तू नको बसूस. ताई बसेल तिला मांडीवर घेऊन. मी विचारलंय तिला."

विचारलंय. म्हणजे हे आज ठरलेलं नव्हतं. माझी नणंद तर काय, भावाने विहिरीत उडी मार म्हटलं तरी आधी साडी कुठली नेसू विचारेल. भांडून मी थांबवू शकले असते का? त्या दिवशी थांबवलं असतं, आणि मग कुठल्यातरी सकाळी मी अंघोळीला गेले असताना 'जरा चक्कर मारून आणतो' म्हणून तो तिला घेऊन गेला असता. मला ही भीती घालवायची होती, नुसता मेळावा नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर मी तुटकी वाटी रुमालात बांधली, भिंगरीला घेतलं आणि मालधक्क्याजवळच्या साध्या पार्टच्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

"मिस्टरांना पाठवा," तो वर न बघताच म्हणाला.

"मिस्टर येणार नाहीत. हे दाखवायला सांगितलंय." मी वाटी काउंटरवर ठेवली. तिच्या पोटात मापाचा आकडा उठवलेला होता, तो मी आधीच वाचून ठेवला होता.

त्याने आकडा बघितला, मागे हात केला आणि खिळ्याला लटकणारी एक माळ ओढली. "तीनचाकीचं आहे हे. मालवाहू. किती देऊ?"

माझा नवरा वर्षभर ज्यासाठी वणवण करत होता, ज्याच्यासाठी त्याने ओरिजिनलसमोर हात बांधले, ते खिळ्याला लटकत होतं. कांद्याच्या पोत्यांची वाहतूक करणाऱ्या गाड्यांना रोज लागतं म्हणून लटकत होतं. पाकिटावर बनवल्याचा महिना होता, अगदी अलीकडचा. मी चार पाकिटं फोडली आणि चारही वाट्या एकेक करून वाकवल्या. उलट्या वाकवल्या, पिळल्या, उजेडासमोर धरल्या.

"बाई, भेंडी घेताय का?" तो म्हणाला.

"भेंडी मोडली तर मी घेते. हे मोडलं नाही तर घेईन."

मोडलं नाही.

दोन दिवसांनी अध्यक्षांची वाटी कापसात गुंडाळून आली. कपाटातल्या खोक्याच्या पट्टीचं टोक सुटलेलंच होतं. मी जुन्या तीन आणि अध्यक्षांची एक अशा चार वाट्या काढून भिंगरीच्या बॅगेतल्या छोट्या डबीत टाकल्या, आणि त्या पिवळ्या कागदात खिळ्यावरच्या चार ठेवल्या. जुन्यांसारख्या धुरकट दिसाव्यात म्हणून भिंगरीची पावडर लावावी असं एकदा मनात आलं. पण ब्रेकमध्ये पावडर नको. आणि बघणार होतं कोण?

कुणीही बघितलं नाही. मेकॅनिक आला, त्याने चाकं काढली, खांदा आणि कान यांच्यात फोन धरून मेव्हण्याशी प्लॉटच्या भानगडीवर बोलत बोलत वाट्या बसवल्या. त्याच्या हातावर बिस्किटं ठेवली असती तर त्याने तीही बसवली असती. नवरा सगळा वेळ शेजारी उभा होता, दोन्ही हातांनी रिकामं खोकं धरून. फोटो काढले ते खोक्याचे.

ते दोघं हात धुवायला गेल्यावर मी भिंगरीला घेऊन चालकाच्या सीटवर बसले, ब्रेकवर पाय दाबून धरला आणि तिचं सगळ्यात लांबलचक गाणं म्हटलं, सगळ्या कडव्यांसकट, ज्यात शेवटी सगळे प्राणी झोपतात. पायाखालचं पेडल जरासुद्धा खाली गेलं नाही. पुढचे काही दिवस रोज सकाळी फरशीवरून हात फिरवला. कोरडी. मग मी नवऱ्याला सांगितलं की मी बसते, ताईंना त्रास नको.

"पटलं ना शेवटी?" तो म्हणाला. "ओरिजिनल ते ओरिजिनल."

मी भिंगरीचे मोजे शोधायला गेले.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही सगळ्यात पुढे होतो. टेकडीच्या अर्ध्यावर रस्ता जरा खाली उतरतो, तिथे झुडपातून एक कुत्रं सरळ चाकापुढे आलं. नवऱ्याने पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. भिंगरी माझ्या हातांत जराशी पुढे झुकली आणि हसली. कुत्र्याने आमच्याकडे बघितलं आणि सावकाश रस्ता ओलांडला. नवऱ्याचे कान अभिमानाने लाल झाले होते.

वर पोचल्यावर अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "मित्रहो, आज त्या मुक्या जिवाला कुणी वाचवलं? कंपनीने वाचवलं. इतक्या वर्षांपूर्वी ज्या कामगारांनी ते रबर बनवलं, त्यांनी वाचवलं. आज बनतं का असं रबर?"

"नाही," मंडळ एका सुरात म्हणालं. माझा नवरा माझ्याकडे बघून हसला. खूप दिवसांनी तो असा हसला होता, मोकळा, काही न लपवता. माझं काम झालं होतं. मुलगी सुखरूप, नवरा खूश, घरात शांतता. गप्प बसायला मला एक पैसा लागणार नव्हता, आणि मी गप्प बसणारच होते. यांच्या मूर्खपणाचा मला आता काही उपद्रव नव्हता. तो मी घरच्या टीव्हीसारखा आवाज बंद करून बघू शकत होते.

मग मंडळातला सगळ्यात नवा सभासद पुढे आला. त्याच्या मागे त्याची बायको, छातीशी झोळीत बांधलेलं बाळ, भिंगरीपेक्षा कितीतरी लहान. बाळाचा एक मोजा पडला होता आणि पाऊल बाहेर आलं होतं.

"आमच्या गाडीचंही पाझरतं जरा," तो म्हणाला. "आम्ही बाजारातल्या घालणार होतो, पण आता..."

"बाजारातल्या?" अध्यक्ष म्हणाले. "बाळाला घेऊन फिरता ना? माझ्या खोक्यात तीन उरल्यात. त्या तुमच्या. चौथी गोदामवाल्याकडून आणू."

टाळ्या झाल्या. ती बायको माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुमचं बघून धीर आला हो. मला आपली उगाच भीती वाटत होती."

मी तिच्याकडे बघितलं. उगाच भीती वाटणाऱ्या बाईचा चेहरा मला आरशातून पाठ आहे. मी खाली वाकून तो मोजा उचलला, झटकला आणि बाळाच्या पायात घातला. मग भिंगरीच्या बॅगेतली डबी काढली.

"आमच्या गाडीत त्या नाहीत," मी म्हटलं. आवाज मोठा झाला असावा, कारण माइकशी चाळा करणारा हॉर्नवाला थांबला. "आमच्या गाडीत मालवाहू तीनचाकीच्या आहेत. कुत्रं त्यांनी वाचवलं. खोक्यातल्या या."

मी एक वाटी काढली आणि वाकवली. टक्क. दुसरी. टक्क. "आणि डॉक्टर, ही तुमची." कापसाचा धागा अजून तिला चिकटलेला होता. तिचे तर दोन तुकडे झाले.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही ती उन्हात ठेवली असणार."

हँडलवाला काहीतरी पुटपुटत पुढे आला. मला वाटलं, आता तरी हा बाळाकडे बघेल. तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "म्हणजे मग अस्सलपणाच्या बक्षिसातून तुमची गाडी बाद ना?" आणि यावर मात्र सगळे एकदम बोलायला लागले. बाद की गुण कमी, आतला न दिसणारा भाग धरायचा की नाही, नियम काय म्हणतो. तलावाच्या काठावर प्रौढ माणसांचा घोळका त्यावर भांडत राहिला.

त्या बायकोने माझ्या हातातली शेवटची वाटी घेतली. तिचा नवरा म्हणाला, "अगं, राहू दे." तिने ती दोन बोटांत धरून वाकवली, मी वाकवली तशीच. मग दोन्ही तुकडे त्याच्या हातावर ठेवले. "धर," ती म्हणाली, आणि बाळाला घेऊन बसथांब्याकडे चालायला लागली. त्याने तुकड्यांकडे, मग अध्यक्षांकडे बघितलं आणि तो तिच्यामागे धावला.

उतरताना आम्ही सगळ्यात मागे होतो. पहिल्या वळणावर त्याने गरज नसताना ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुढच्या वळणावर पुन्हा दाबला. खात्री करत होता की मला टोमणा मारत होता, कळायला मार्ग नव्हता. भिंगरीला वाटलं, खेळ चाललाय. ती प्रत्येक वेळी हसत होती.

सपाटीला लागल्यावर तो म्हणाला, "तीनचाकीच्या?"

"हो."

"कांद्याच्या?"

"कांदे, बटाटे, काय असेल ते."

घरी आल्यावर बरेच दिवस तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला, आणि काम तर त्याला तसंही कमीच असतं. रविवारी मंडळाकडे गेला नाही. मंडळही आलं नाही. चहाची साखर पुरायला लागली.

मग एका सकाळी मी ओट्यापाशी बुचं उकळून फडक्यावर काढत होते, तर फडक्याच्या कडेला एक खोकं. कपाटातलं. क्लचचं रबर, हे मी इतक्या दिवसांत ओळखायला शिकले होते. पट्टीचं एक टोक सुरीने सोडवलेलं होतं. नवरा दारात भिंगरीला कडेवर घेऊन उभा होता आणि तिच्या नाकाकडे असं निरखून बघत होता जणू ते काल नव्हतं.

मी बुचं वाकवून बघितली. एक फेकलं. मग हात पुसले, खोक्यातलं रबर काढलं आणि वाकवलं. टक्क.

त्याने भिंगरीला माझ्याकडे दिलं. तुकडे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकले. खोकं मात्र फुंकर मारून साफ केलं, पट्टी थुंकी लावून परत नीट चिकटवली, आणि नावाची बाजू पुढे करून काचेच्या कपाटात होतं तिथे ठेवून दिलं.